भिंतीला पाठ लागली, तरी आक्का फोटोत मावली नाही



मागच्या वर्षी बुद्ध पौर्णिमेनंतरच्या रविवारी आमच्या पुतणीच्या मुलीचे नामकरण झाले. जागा म्हणजे नवीन पनवेलमधली सिडकोची वन रूम किचन. बाहेरची खोली दहा फूट बाय बारा फूट. एका बाजूला टेबलावर तथागतांची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या आणि फुले. मध्ये पाळणा. उरलेल्या जागेत पस्तीस माणसे. ज्यांना आत पाय ठेवता आला नाही ती जिन्यात उभी. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील दिले, बाळाचे नाव ठेवले, टाळ्या झाल्या आणि मग एकच गलका उठला, "आता सगळ्यांचा एक फोटो!"

फोटो काढणारा आमचा थोरला. तो तळोजा एमआयडीसीत एका गोदामात कामाला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने कुणाकडून तरी जुना डिजिटल कॅमेरा घेतला, रविवारी मित्राबरोबर जाऊन हात बसवला आणि आता महिन्याकाठी दोनेक ऑर्डरी करतो. बारसे, साखरपुडा, वाढदिवस, कधी एखादे छोटे लग्न. त्या दिवशी तो मागे सरकत सरकत भिंतीला टेकला. "अजून आत सरका, अजून थोडं," म्हणत राहिला. माणसे आत सरकली, मुले खाली बसली, फोटो निघाला.

आमची थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, स्वयंपाकघरात होती. गलका ऐकून हात पुसत पुसत आली आणि दाराशी कडेला उभी राहिली. फोटोत तिचा एक खांदा, अर्धा चेहरा आणि पांढऱ्या साडीचा काठ आला. तेव्हा कुणी बारकाईने पाहिले नाही. श्रावणात आक्का गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी तसबीर करायची म्हणून आम्ही घरातले सगळे फोटो पालथे घातले. ज्या आक्काने तरुणपणी याच वसाहतीच्या इमारतींवर विटांची घमेली वाहिली, आम्हा भावंडांना वाढवले, तिचा एकटीचा धड एक फोटो सापडला नाही. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात ती घाबरल्यासारखी दिसते. तशी ती आयुष्यात कधी घाबरली नव्हती.

त्या रात्री थोरला आमच्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "पप्पा, माझ्याकडे वाइड लेन्स असती तर आत्या अर्धी कापली गेली नसती. मला ती लेन्स घ्यायची आहे."

आता ही लेन्स घ्यावी की न घ्यावी, यावर आमच्या घरात पुढचे चार महिने खल झाला. प्रश्न आमच्या घरचा असला, तरी आज आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले कॅमेरा हातात घेऊन चार पैसे मिळवू पाहत आहेत. त्यांच्या घरीही आज ना उद्या हाच प्रश्न येईल. म्हणून हा सगळा हिशेब येथे मांडत आहोत.

लेन्स म्हणजे काय, हे आधी समजून घेतले

आम्हाला कॅमेऱ्यातले काही कळत नव्हते. म्हणून आधी मुलालाच मास्तर केले. त्याने सांगितले ते असे. कॅमेऱ्याबरोबर जी लेन्स मिळते तिच्यावर १८-५५ असे आकडे असतात. हे मिलिमीटरचे आकडे. आकडा मोठा तितके दूरचे जवळ दिसते आणि आकडा लहान तितका देखावा रुंद येतो. म्हणजे त्याच्याकडच्या लेन्सची सर्वांत रुंद नजर १८ ची. वाइड लेन्स १०-१८ किंवा १०-२० अशी असते. म्हणजे तिची नजर १० पर्यंत जाते.

"अठरा आणि दहात असा काय फरक पडतो?" आम्ही विचारले. त्याने टेप आणून मोजून दाखवले. त्याच्यासारख्या साध्या कॅमेऱ्यात १८ वर ठेवून फोटो काढला, तर आपण जितक्या अंतरावर उभे आहोत त्याच्या साधारण सव्वापट रुंदी फोटोत मावते. १० वर ठेवले तर सव्वादोनपट मावते. नामकरणाच्या खोलीत तो लांब भिंतीला टेकून उभा होता. माणसे त्याच्यापासून सहा फुटांवर. सहाची सव्वापट म्हणजे साडेसात फूट. आणि माणसे उभी होती पूर्ण बारा फुटांत. दोन्ही कडांची माणसे कापली जाणारच होती. वाइड लेन्स असती तर साडेतेरा फूट मावले असते. गणित आम्हाला पटले.

मग आम्ही किंमत विचारली. नवी लेन्स वीस हजारांच्या पुढे. जुनी, चांगल्या हालतीतली, अकरा हजारांच्या आसपास. आमच्या घरात अकरा हजार ही लहान रक्कम नाही. धाकटी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिची फी, वसतिगृह, गणवेश, पुस्तके. मुलांच्या आईने एका वाक्यात निकाल दिला, "आधी पोरीची फी. फोटो काय, मोबाइलमध्येही निघतो."

थोरला गप्प बसणारा नाही. तो वाचतो. म्हणाला, "आई, बाबासाहेबांची अंत्ययात्रा आपण आज पडद्यावर पाहू शकतो ती कुणामुळे? नामदेव व्हटकरांमुळे. त्यांनी पदरमोड करून ७ डिसेंबर १९५६ ला कॅमेरा उभा केला. त्यांनी असा हिशेब केला असता, तर आपल्याला काय दिसलं असतं?"

त्याचे म्हणणे आम्हाला लागले. खरेच, आपल्या समाजाचा किती इतिहास फोटोविना गेला! आमच्या आजोबांचा एकही फोटो नाही. आजीचा नाही. त्या काळी स्टुडिओत जाऊन फोटो काढायचा म्हणजे मजुरी बुडायची आणि वर पैसे जायचे. भिंतीवर आजोबा नाहीत, पण बाबासाहेब आहेत आणि माता रमाई आहेत. आमच्या घरी राजगृहातले ते फेब्रुवारी १९३४ चे छायाचित्र आहे, तुमच्यापैकी अनेकांच्या घरीही असेल. त्यात बाबासाहेब आहेत, रमाई आहेत, चिरंजीव यशवंतराव आहेत, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव आहेत. घरातला टॉबी नावाचा कुत्रासुद्धा आहे. सगळे घर त्या चौकटीत आहे. त्यानंतर सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ ला, रमाई गेल्या. त्या दिवशी कुणी म्हणाले असते की राहू दे, पुन्हा केव्हातरी काढू, तर?

म्हणून फोटो ही चैन आहे, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या माणसांसाठी ती चैन नाही. परंतु फोटो गरजेचा आहे म्हणून प्रत्येक लेन्स गरजेची ठरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दुकानदार नेमक्या याच दोन गोष्टी एक करून दाखवतो.

मोजल्याशिवाय ठरवायचे नाही

एका रविवारी थोरल्याला घेऊन आम्ही हार्बर लोकलने मुंबईला गेलो. फोर्टात बोराबाजारच्या आसपास कॅमेऱ्याची दुकाने आहेत. एका दुकानात शिरलो. दुकानदाराने नवी लेन्स हातात दिली आणि पोराच्या डोळ्यांतली चमक पाहून आम्हाला सोडूनच दिले. त्याच्याशीच बोलू लागला. "हप्त्यावर घेऊन जा, व्याज शून्य." आम्ही विचारले, रोख घेतली तर किती? तेव्हा कळले की रोखीवर सूट आहे, हप्त्यावर नाही. शिवाय हप्त्याला कागदपत्रांचा वेगळा आकार. म्हणजे व्याज शून्य हे फक्त बोलण्यात. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. पोरगा खट्टू झाला. पण येताना लोकलमध्ये आम्ही त्याला एक काम सांगितले.

डिजिटल कॅमेऱ्याची एक सोय आहे. प्रत्येक फोटोबरोबर तो कोणत्या आकड्यावर काढला ते नोंदलेले असते. संगणकावर ते दिसते. आम्ही त्याला म्हटले, "वर्षभरात ज्या ज्या ऑर्डरी केल्यास, त्यातले लोकांना दिलेले सगळे फोटो काढ. त्यात १८ वर किती काढलेस ते मोज. आणि त्या प्रत्येकात खरोखर जागा कमी पडली होती का, ते बघ."

दोन रात्री जागून त्याने मोजले. एकूण फोटो ६४०. त्यातले १८ वर काढलेले १९०. या १९० पैकी बहुतेकांत कुठे छत, कुठे फरशी, कुठे पंखा अशी रिकामी जागाच जास्त होती. रुंद लेन्स लागली असती असे फोटो निघाले फक्त ४२. मग आम्ही दोघे ते ४२ फोटो एकेक करून पाहत बसलो. कुठे उभा होतास? मागे दार होते का? कोपरा मोकळा होता का? खुर्ची मिळाली असती का? असे विचारत गेलो. २७ फोटो असे निघाले की जागा बदलली असती, किंवा माणसे दोन रांगांत नीट बसवली असती, तर आहे त्या लेन्सने काम झाले असते. उरले १५. या पंधरांत मात्र दुसरा इलाज नव्हता. अगदी लहान खोल्या, एका खोलीचे विहार, मंडपातली चिंचोळी जागा.

नामकरणाचा फोटो थोरल्याने पंधरांत टाकला होता. आम्ही खोली पुन्हा मोजायला लावली. दहा बाय बारा. भिंतीला टेकून सहा फूट मिळाले, हे खरे. पण कोपऱ्यात उभा राहिला असता तर? या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत साडेपंधरा फूट भरते. माणसे समोरच्या कोपऱ्यात अर्धगोल करून उभी केली असती, तर ती अकरा फुटांवर आली असती. अकराची सव्वापट म्हणजे पावणेचौदा फूट. लेन्सने जेवढे मावले असते तेवढेच कोपऱ्याने मावले असते.

थोरला बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने स्वतःच तो फोटो पंधरांतून काढून सत्तावीसांत टाकला.

त्याला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्या दिवशी आम्हीही तेथेच होतो. "आक्का कुठे आहे, तिला मध्ये बसवा," असे पस्तीस माणसांतल्या एकानेही म्हटले नाही. ज्यांनी नवे कपडे घातले होते ती माणसे मध्ये होती. जी राबत होती ती कडेला होती. लेन्सला आम्ही चार महिने दोष देत होतो. चूक आमच्या सर्वांच्या डोळ्यांची होती. मुलांची आई एवढेच म्हणाली, "यापुढे फोटोच्या आधी स्वयंपाकघरात हाक मारायची. कुणाचंही घर असो."

भाड्याने आणून पाहिली

तरीही पंधरा फोटो उरतच होते आणि पोराची इच्छा खोटी नव्हती. तेव्हा मधला मार्ग काढला. लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळते. डिसेंबरात त्याला एका लग्नाची ऑर्डर होती, लहानशा समाजमंदिरातली. पाचशे रुपये भाडे आणि परत मिळणारी अनामत देऊन एक दिवसासाठी १०-१८ लेन्स आणली. त्या एका दिवसात जे कळले ते दुकानात कळले नसते.

पहिली गोष्ट, लेन्स खरोखर गुणाची आहे. वधू-वर, बौद्धाचार्य, मूर्ती, दोन्हीकडचे नातेवाईक, सगळे समाजमंदिर एका फोटोत आले. एरवी असा फोटो त्या जागेत निघालाच नसता.

दुसरी गोष्ट, कडेची माणसे ताणली जातात. १० वर काढलेल्या फोटोत कडेला उभ्या असलेल्या मावशींचा चेहरा आडवा पसरला, हात जाड दिसले. मावशी फोटो पाहून म्हणाल्या, "मी एवढी लठ्ठ आहे का रे?" लेन्स बिघडलेली नव्हती. इतक्या रुंद नजरेचा तो स्वभावच आहे. म्हणून माणसांच्या फोटोला १० ऐवजी १३-१४ वर ठेवायचे, दोन्ही कडांना थोडी मोकळी जागा सोडायची, म्हातारी माणसे आणि लहान मुले मध्ये घ्यायची. कॅमेरा वर-खाली कलता धरला तर भिंती पडल्यासारख्या दिसतात, म्हणून तो छातीच्या उंचीवर सरळ धरायचा. आणि जे लेन्सच्या फार जवळ येईल ते अवाढव्य दिसते. पुढच्या रांगेतल्या मुलाचे पाय त्याच्या डोक्यापेक्षा मोठे आले होते.

तिसरी गोष्ट उजेडाची. त्याच्या जुन्या लेन्सच्या मानाने ही स्वस्तातली वाइड लेन्स कमी उजेड आत घेते, जवळजवळ साठ टक्केच. दिवसा फरक पडत नाही. पण संध्याकाळी एका ट्यूबलाइटच्या आणि मेणबत्त्यांच्या प्रकाशात फोटोत दाणे दिसू लागले. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लावला तर मधली माणसे पांढरी आणि चारही कोपरे काळे, कारण त्या फ्लॅशचा उजेड इतक्या रुंदीला पुरत नाही. छत पांढरे असेल तर वेगळा फ्लॅश छतावर मारायचा, हा त्यावरचा उपाय. म्हणजे लेन्सच्या मागोमाग फ्लॅशचा खर्चही दार ठोठावतो. घेणाऱ्याने हे आधीच धरून चालावे.

चौथी गोष्ट घरी आल्यावर ध्यानात आली. समाजमंदिराच्या त्या मोठ्या फोटोत डाव्या बाजूला दोन माणसे सहज मावतील एवढी जागा रिकामी राहिली होती. आणि पहाटेपासून जेवण करणाऱ्या दोघी बाया त्यात नव्हत्या. थोरल्याच्याच ते लक्षात आले. म्हणाला, "पप्पा, या वेळी जागा होती, मी हाक मारायला विसरलो." आम्ही म्हटले, "लेन्स जागा देते. हाक आपल्यालाच मारावी लागते."

येथे आम्हाला छायाचित्रकार सुधारक ओलवे यांची आठवण होते. मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे त्यांनी वर्षानुवर्षे कॅमेऱ्यात टिपले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या माणसांकडे पाहून लोक नाकाला रुमाल लावत आणि मान फिरवत, त्यांना त्यांनी चौकटीच्या मध्यभागी आणले. महागडे कॅमेरे शहरात तेव्हाही पुष्कळांकडे होते. त्या माणसांजवळ जाऊन उभे राहणारे थोडे होते.

तथागतांनी सांगितलेला हिशेब

शेवटी निर्णय करायची वेळ आली, तेव्हा आम्ही धम्माकडे वळलो. काहींना वाटते, भगवान बुद्धांनी फक्त भिक्खूंना उपदेश केला, संसारी माणसाच्या पैशाशी त्यांचा काय संबंध? तसे नाही. दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे, त्याला गृहस्थांचा विनयच म्हणतात. त्यात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. आणि अंगुत्तरनिकायात अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. प्रामाणिक कष्टाची मिळकत असण्याचे सुख, तिचा योग्य उपभोग घेण्याचे सुख, कुणाचे ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. ऋण नसणे हे सुख आहे, हे ज्याने सावकाराचा उंबरठा झिजवला त्याला समजावून सांगावे लागत नाही. आपल्या वाडवडिलांनी तो झिजवला आहे. आज सावकार गादीवर बसत नाही, तो मोबाइलवर हप्त्याची तारीख आठवण करून देतो, इतकाच फरक.

व्हटकरांचे उदाहरण थोरल्याने दिले होते, त्याचेही उत्तर आम्ही शोधले. तो प्रसंग पुन्हा येणार नव्हता, दुसरा उपाय नव्हता आणि थांबायला वेळ नव्हता. अशा वेळी पदरमोड करणारा माणूस थोर. आमच्यापुढे मात्र भाड्याचा उपाय आहे, कोपऱ्याचा उपाय आहे आणि थांबायला सहा महिने आहेत. प्रसंग न चुकवता ऋण टाळता येत असेल, तर ते टाळणे हेच शहाणपण.

मग हिशेब असा बसवला. एका ऑर्डरीमागे खर्च वजा जाता साधारण दोन हजार सुटतात. त्याचे चार भाग. पाचशे त्याच्या हौसेला आणि घरच्या गोडधोडाला. पाचशे अडीअडचणीसाठी त्याच्या नावाने पोस्टात. हजार धंद्याच्या डब्यात. लहान जागेची ऑर्डर असेल तेव्हा लेन्सचे भाडे याच डब्यातून. अकरा हजारांच्या लेन्सला अकरा ऑर्डरी, मधले भाडे धरून बारा-तेरा. एप्रिल-मेची लग्नसराई धरली तर पावसाळ्यापर्यंत डबा भरतो. धाकटीच्या फीला हात लावायचा नाही, तिच्या आईच्या भिशीला हात लावायचा नाही, हप्ता करायचा नाही. डबा भरला की लेन्स घ्यायची, जुनीच घ्यायची. डबा भरला नाही, तर ऑर्डरी कमी आल्या असा त्याचा अर्थ. मग लेन्सचीही तेवढी गरज नव्हती असे समजायचे.

हा निर्णय थोरल्याने मान्य केला. मनापासून केला, असे आम्हाला वाटते. कारण डब्यावर त्याने स्वतःच्या अक्षरात "धंदा" असे लिहून ठेवले आहे.

ज्यांना ही लेन्स घ्यायची आहे त्यांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आपल्या कॅमेऱ्याला ती बसते का, हे आधी पाहावे. एका कंपनीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्याला थेट बसत नाही. त्याच कंपनीच्या जुन्या आरशाच्या कॅमेऱ्याची लेन्स नव्या बिनआरशाच्या कॅमेऱ्याला लावायलाही मध्ये वेगळा जोड लागतो. जुनी लेन्स घेताना तिच्यातून बॅटरीचा उजेड मारून आरपार पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत ती फार लवकर धरते. अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये. घरी लेन्स कापडात गुंडाळून कपाटात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी. आणि देखावा स्थिर असेल, इमारत, तळे, डोंगर, तर वाइड लेन्सची गरजच नाही. एका जागी उभे राहून शेजारशेजारचे चार फोटो काढावेत आणि संगणकावर जोडावेत. त्यासाठी हुगिनसारखे मोफत सॉफ्टवेअर मिळते. हलत्या माणसांना मात्र हा उपाय चालत नाही.

येत्या २० मार्चला आम्ही सहकुटुंब महाडला जाणार आहोत. आपल्याच रायगड जिल्ह्यातले महाड. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. थोरला सगळे तळे एका फोटोत घेणार आहे, चार फोटो जोडून, जुन्याच लेन्सने. त्यानंतर काठावर आपल्या घरच्या माणसांचा फोटो निघेल. त्यासाठी मागे सरकायला तेथे जागाच जागा आहे.

डबे भरून नेणाऱ्या बायांना आधी हाक मारायची, एवढे त्याला बजावून ठेवले आहे.

जयभीम!